पायरी कोरडी होती

"सायेब, मोरीला पाणी लागलंया. आक्काला बाहेर काढू का?"

फोनवर सर्जेराव चौगुले होते. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. मी म्हणालो, "थांबा. जरा बघून सांगतो."

मी पाण्याच्या खात्यात शाखा अभियंता आहे. पावसाळ्यात आमच्या ऑफिसात फ्लड कंट्रोल रूम चालते. नाव मोठं आहे, पण खोलीत दोन टेबलं, काही फोन, भिंतीवर नदीचा नकाशा आणि कोपऱ्यात ओल्या छत्र्या, एवढंच असतं. कोल्हापुरात पंचगंगा वाढायला लागली की ह्या खोलीतले फोन थांबत नाहीत. धरणातून किती पाणी सोडलं, पूल चालू आहे का, शिवाजी पेठेतल्या आत्याला कसं आणायचं, असलं सगळं लोक आम्हालाच विचारतात. त्यातले बरेच प्रश्न आमच्या कामाचे नसतात. सर्जेरावांचा प्रश्न मात्र माझ्याच कामाचा होता.

त्यांचं घर गावात नाही, मळ्यात आहे. गाव आणि मळा यांच्यामध्ये एक ओढा आहे. ओढ्यावर मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला टाकलेले पाइप. गावात जायचा रस्ता त्या मोरीवरूनच. मोरी बुडाली की मळा तुटला. घरात सर्जेराव, त्यांची बायको शोभाताई आणि सर्जेरावांची आई. तिला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्का न्हाणीत पडली होती आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. कूस बदलायची तरी दोघं लागायची.

"हालवलं की किंचाळती हो," सर्जेराव म्हणाले. "ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून न्ह्यायची म्हणजे तिच्या जिवावरच येणार. पण तुमी म्हणतासा तर न्हेतो."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तुमी म्हणतासा तर न्हेतो.

त्या गावात आमची गेज नाही. गेज म्हणजे नदीकाठी उभी केलेली, फुटांच्या खुणा असलेली पट्टी. अशा पट्ट्या ठरावीक ठिकाणीच असतात. बाकी गावांची आपापली खूण असते. कुठे वडाचा पार, कुठे घाटावरचा नंदी. ह्या गावाची खूण म्हणजे मारुतीच्या देवळाची पायरी. काळ्या दगडाची, मधोमध झिजलेली, एका कोपऱ्यावर कासव कोरलेलं. पायरीला पाणी लागलं की मळा सोडायचा, हे त्या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत होतं.

यात देवाधर्माचा भाग नव्हता. नोकरीत नवा होतो तेव्हा मी स्वतः तिथे लेव्हल मशीन लावून मोजलं होतं. पायरी मोरीच्या रस्त्यापेक्षा फूटभर खाली होती. पंचगंगा डोंगरातल्या नदीसारखी एकदम अंगावर येत नाही, बोटाबोटानं चढते. त्यामुळे पायरी भिजल्यावर मोरी बुडायला अर्धा दिवस तरी मिळायचा. तेवढ्यात माणसं, जनावरं, धान्य सगळं गावात यायचं. खूण चोख होती.

मी पोलीस पाटलांना फोन लावला. तानाजीराव. धिप्पाड माणूस, जुना पैलवान, हळू बोलणं त्यांना जमतच नाही.

"पाटील, पायरीला पाणी लागलंय का?"

"पायरीवरच हुबा हाय सायेब. कोरडी ठणठणीत!"

"नक्की?"

"आता काय, चप्पल काढून बसून दाखवू व्हय?"

मी हसलो. हसलो हेही आठवतं. मग सर्जेरावांना फोन केला.

"पायरी अजून कोरडी आहे. म्हणजे मोरीजवळ दिसतंय ते नदीचं पाणी नाही. वरून पाऊस पडतोय, त्यानं ओढा भरलाय. पाऊस थांबला की उतरेल. आक्कांना हलवू नका. पायरीला पाणी लागलं की मी स्वतः फोन करतो."

"बरं झालं बगा," ते म्हणाले. "आक्के, ऱ्हायलं गं. जायचं न्हाय." मागून म्हातारीचा आवाज आला, "देव भलं करू त्यांचं."

दुपार अशीच फोनांत गेली. मग आमच्या उपअभियंता देसाई मॅडम खोलीत आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, कामाला कडक. हातातला चहा तसाच.

"मगदूम, एक बोट मोकळी झालीय. कुरुंदवाडकडून फोनवर फोन येतायत. तुमच्या पट्ट्यात कुणाला लागणार आहे का?"

"एक मळा आहे, मॅडम. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे. पण त्यांना वेळ आहे."

"किती वेळ?"

"उद्या सकाळपर्यंत तरी."

"कशावरून?"

"पायरी कोरडी आहे."

"कसली पायरी?"

मी सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "देवळाच्या पायरीवर मी बोट पाठवायची का नाही ते ठरवू?"

"मॅडम, मी मोजलेली पायरी आहे. मोरीच्या खाली फूटभर."

"तुम्ही खात्री देता?"

"देतो."

बोट ट्रकवर चढली आणि कुरुंदवाडच्या रस्त्याला लागली.

माझी बायको ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. जेवताना कधीकधी ती मुलांची गंमत सांगते. एकदा म्हणाली होती, "आपण वाद घालतो तेव्हा पूर्ण वाद कधीच मांडत नाही. दोन वाक्यं बोलतो आणि तिसरं गिळतो. 'रस्सा तिखट आहे, पावण्यांना वेगळं काहीतरी करा', असं तुझी आई म्हणते. पावणे कोल्हापूरचे नाहीत, हे तिसरं वाक्य. ते कुणी बोलत नाही. आणि बोललं नाही की ते तपासतही नाही कुणी. बोललेल्या वाक्याला 'कशावरून' म्हणता येतं. न बोललेल्याला कसं म्हणणार?"

मी तेव्हा मान हलवून भाकरी मोडली होती.

देसाई मॅडमनी मला 'कशावरून' विचारलं, आणि मी उत्तर दिलं. पायरी कोरडी आहे, हे पहिलं वाक्य. ते खरं होतं. मळ्याला वेळ आहे, हे दुसरं. मधलं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते मला स्वतःलाच ऐकू आलं नव्हतं.

ते ऐकू आलं एका फोटोमुळे. कलेक्टर ऑफिसला रिपोर्ट पाठवायचा होता, आणि हल्ली प्रत्येक गावाचा फोटो जोडावा लागतो. मी तानाजीरावांना म्हणालो, पायरीचा एक फोटो टाका. त्यांनी टाकला. पायरी छान दिसत होती. कासव दिसत होतं. पायरीच्या पुढे लाल-करड्या रंगाचे पेव्हिंग ब्लॉक होते, पावसानं धुऊन चकाकत होते. फोटोच्या कडेला, आवाराच्या भिंतीपलीकडे, शाळेसमोरचा हापसा आला होता. हापशाचा फक्त दांडा पाण्याबाहेर होता.

मी फोटो मोठा करून बघितला. मागच्या मोठ्या पुरात मी त्याच जागी उभा होतो. तेव्हा पायरी आणि हापशाचा ओटा एकाच वेळी भिजले होते. आता हापसा गळ्यापर्यंत बुडालाय आणि पायरी ठणठणीत कोरडी. पाणी दोन ठिकाणी दोन उंचीवर उभं राहत नाही. मग उंची कुणाची बदलली?

त्या ब्लॉकचा रंग मी निवडला होता.

हे नीट सांगायला हवं. मागच्या मोठ्या पुरात देवळाच्या गाभाऱ्यात पाणी शिरलं होतं. मूर्तीच्या छातीपर्यंत. गावाला ते फार लागलं. पुढे जीर्णोद्धार काढला तेव्हा कमिटीची माणसं माझ्याकडे आली. "सायेब, पुन्यांदा देवाचं पाय भिजाय न्हाईत, असं कायतरी करा." मी रविवारी जाऊन फुकटात नकाशा काढून दिला. सगळं आवार मुरूम टाकून साडेतीन फूट उचलायचं, वर ब्लॉक बसवायचे, त्यावर नवं देऊळ. कॉन्ट्रॅक्टर जुनी पायरी फोडून पायाभरणीत घालणार होता. मीच त्याला अडवलं. म्हणालो, "ही पायरी टाकायची नाही. ही गावाची पुराची खूण आहे. नव्या देवळालाही हीच पहिली पायरी बसवा."

सगळ्यांना पटलं. दहा-बारा जणांनी दगड उचलला, भरावावर नेला आणि नव्या देवळासमोर बसवला. मला फेटा बांधला. मी भाषणही केलं, खूण जपली पाहिजे वगैरे. दगड जपला. खूण ज्या उंचीत होती ती उंची मी मुरूम घालून पुरली.

सर्व्हे शिकवताना पहिल्या आठवड्यात बेंचमार्क शिकवतात. बेंचमार्क म्हणजे उंची माहीत असलेला पक्का बिंदू, त्यावरून बाकी सगळं मोजायचं. आणि त्याची एकच अट असते, तो हलणारा नको. खडकावर, पुलाच्या खांबावर घ्यावा, कुणी उचलून नेईल अशा वस्तूवर घेऊ नये. मी ज्युनियरना हे कितीदा सांगितलंय. त्यानंतर एवढा पूर आला नव्हता, म्हणून त्या पायरीची परीक्षाही झाली नव्हती. 'पायरी साडेतीन फूट वर गेलीय' आणि 'पायरी कोरडी म्हणजे मळा सुरक्षित' ही दोन्ही वाक्यं माझ्याच डोक्यात होती. दोघांची कधी भेट झाली नाही.

बोटांवर हिशेब केला. जुनी पायरी मोरीच्या फूटभर खाली. नवी मोरीच्या अडीच फूट वर. म्हणजे पायरी कोरडी असताना मोरीवर कमरेइतकं पाणी असू शकतं. मळ्यातल्या घराचा उंबरा मोरीपेक्षा फार उंच नाही. अंधार पडायच्या आत पाणी घरात.

सर्जेरावांना फोन लावला. "मोरी दिसतेय का?"

"मगाशी गेलतो सायेब. उसातनं रस्ताच गावंना. तुमी म्हणालासा पावसाचं पाणी हाय, मग परत फिरलो."

"कुठपर्यंत होतं?"

"मांडीला लागलं. गोठ्याच्या मागनं आता येतंय बगा, हळूहळू."

"सर्जेराव, ते पावसाचं नाही. नदीचं आहे. माझं चुकलं. पायरी आता जुन्या जागी नाही."

ते म्हणाले, "मग आता आक्काचं काय करू?"

"खाट उंच करा. विटा लावा, टेबलावर ठेवा. मी माणसं पाठवतो."

कुठली माणसं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. दार वाजवायचं राहिलं.

"मॅडम, बोट परत बोलवायला पाहिजे. मळ्याला वेळ नाही. मी दिलेली खात्री चुकीची होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोन उचलला, दोन मिनिटं बोलल्या आणि खाली ठेवला. "बोट पाण्यात उतरलीय. छपरावर बसलेली माणसं काढतायत. मधला रस्ताही बंद झालाय. ती आज परत येत नाही. दुसरी मागते, पण कधी मिळेल सांगता येत नाही."

"मॅडम, मी त्यांना दुपारी घराबाहेर पडू दिलं नाही. ते निघालेच होते."

"मगदूम, आधी माणसं काढा. चूक नंतर लिहून काढू."

मी पुन्हा तानाजीरावांना फोन लावला. सगळं सांगितलं. देवळाचा भराव, पायरी, मोरी. त्यांना समजायला एक श्वास लागला. मग एक शिवी हासडली. ती मला होती की दगडाला, कळलं नाही.

"बोट नाही, पाटील."

"बोट कशाला पायजे? काहील हाय की."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची अवाढव्य लोखंडी कढई. तळ सपाट, काठ वर आलेले, चार-पाच माणसं आरामात बसतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात आणि काहिली शेडमध्ये पालथ्या पडलेल्या असतात. आमच्याकडे पुरात त्या पूर्वीपासून वापरतात. पण काहिलीला पुढचं-मागचं टोक नसतं. वल्हं मारलं की ती जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. साचलेल्या पाण्यात ठीक. वाहत्या पाण्यात सापडली तर थेट नदीला.

"पाणी वाहतंय का साचलंय?" मी विचारलं.

"तुमीच सांगा की. तुमी इंजिनेर."

माझं उत्तर तयार होतं. नदी फुगली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं. त्याला आम्ही फुगवटा म्हणतो. फुगवट्याचं पाणी जवळपास उभंच असतं. म्हणून जायला हरकत नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारी मी असंच एक उत्तर दिलं होतं. तेही पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं.

"पाटील, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. मला वाटतंय ओढ्यात नदीचं पाणी उलटं आलंय. पण वरून पावसाचा लोंढा येत असला तर माझं म्हणणं खोटं. मोरीजवळ जा आणि पाण्यात काहीतरी टाका. तरंगणारं. कुठे जातंय ते बघून मला सांगा."

"हे एवढंच?"

"एवढंच. पण बघितल्याशिवाय कुणाला पाण्यात घालू नका."

ट्रॅक्टरला काहील बांधून ते मोरीच्या अलीकडे पोचले. मी फोन कानाला लावून खिडकीशी उभा होतो. खोलीतले बाकीचे फोन वाजत होते. मॅडम स्वतः येऊन ते उचलायला लागल्या.

"टाकला," तानाजीराव ओरडले. "नारळ टाकला. देवळातनं आणलाता."

"कुठं चाललाय?"

"थांबा... जाग्यावरच हाय. न्हाय न्हाय, हालतोय. सायेब, ह्यो उलटाच चाललाय की! नदीकडनं वर! मळ्याकडं!"

मी भिंतीला टेकलो. नदीचंच पाणी होतं. ओढ्यातून हळूहळू वर चढत होतं. काहील हातातून सुटली तरी नदीकडे जाणार नव्हती, उसात जाऊन अडकली असती.

आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. हाच नारळ दुपारी टाकायला सांगितला असता, तर ते पाणी पावसाचं नाही हे तेव्हाच दिसलं असतं. नारळ गावात होता. ओढा दारात होता. विचारायला मी होतो. मी पायरीला विचारलं.

"जा," मी म्हणालो. "पण दोरखंड बांधून. अलीकडचं टोक ट्रॅक्टरला."

"ते आमाला शिकवू नका हो," पाटील म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचा वेळ कसा गेला हे मला सांगता येणार नाही. बाहेर उजेड कमी होत होता. मॅडमनी माझ्यासमोर चहा ठेवला, तो गार झाला, त्यांनी दुसरा ठेवला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही नारळ टाकायला सांगितलात ते बरं केलंत." मला ते ऐकवत नव्हतं.

फोन आला तो शोभाताईंचा. त्या बोलत होत्या की रडत होत्या, आधी समजेना. "आलो सायेब. आक्का आली. वरच्या आळीत हाय, कोरड्यात."

"सर्जेराव?"

"म्हशींची दावी कापाय थांबल्यात. पाटील परत गेल्यात त्यास्नी आणाय."

म्हशी पोहतात. दावं सोडलं की त्या आपली वाट काढतात. पण गोठ्याच्या मागच्या अंगाला, वेगळ्या खोलीत एक गाभण म्हैस बांधली होती. पाणी मागूनच आलं होतं. सर्जेराव तिथे पोचले तेव्हा दार उघडेना, पाण्यानं दाबलेलं. तानाजीरावांनी त्यांना अक्षरशः ओढून काहिलीत घातलं. बाकीच्या म्हशी दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या माळावर सापडल्या. ती एक गेली.

आक्कांना पाण्यात भिजल्यामुळे न्यूमोनिया झाला. सरकारी दवाखान्यात राहावं लागलं. मी रोज संध्याकाळी जायचो. आत जायचं धाडस व्हायचं नाही. व्हरांड्यात नर्सला विचारायचो आणि परत यायचो. बायको म्हणाली, "आत जाऊन बोल. नाहीतर त्यांना वाटेल तू सरकारी काम म्हणून येतोस." तरी गेलो नाही.

ऑफिसात मला लेखी खुलासा द्यायचा होता. खुलासा म्हणजे झालं ते का झालं, याचा कागद. मी लिहिलं की खुणेची पायरी जीर्णोद्धारात उचलली गेली होती, आणि ती माझ्याच सांगण्यावरून आणि माझ्याच नकाशाप्रमाणे उचलली होती. देसाई मॅडमनी वाचलं. "दुसरं वाक्य नसलं तरी कागद पूर्ण होतो," त्या म्हणाल्या. "असू दे," मी म्हणालो. त्यांनी सही केली. मला समज देण्यात आली, ती फाइलला लागली. मला अजून काही व्हायला हवं होतं असं वाटत राहिलं.

पाणी उतरल्यावर मळ्यात गेलो. आक्का घरी आली होती. खाट ओसरीत, भिंतीवर पुराची चिखलाची रेघ, तिच्या डोक्याच्या वर हातभर. मी ती रेघ बघत उभा राहिलो.

"बसा की," सर्जेराव म्हणाले.

"सर्जेराव, मी माफी मागायला आलोय. तुम्ही निघाला होता. मी थांबवलं."

ते गोठ्याकडे बघत होते. मागची खोली रिकामी होती. "म्हैस गेली त्याचं वाईट वाटतंय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पयल्या वेताची हुती. हातानं वाढवल्याली."

"ते माझ्यामुळं."

"सायेब, ती पायरी उचलताना एक टोक मी धरलंतं. खांदा धरला हुता चार दिस. आन् रोज सकाळी मारुतीला जातो मी. त्याच पायरीवर पाय ठिवून. भराव चढून जातो, दम लागतो, तरी डोस्क्यात आलं न्हाय. मग तुमाला काय बोलू?"

"मला बोला. माझं कामच ते आहे. उंची मोजायचा पगार घेतो मी."

ते नाही म्हणाले नाहीत, हे मला बरं वाटलं. उगीच सोडून दिलं असतं तर जास्त जड गेलं असतं.

खाटेवरून आक्का म्हणाली, "ह्यो कोण, फोनवरचा सायेब व्हय?"

"व्हय आक्के."

"आरं बाबा, काहिलीत घातलं मला तवा वाटलं, आता गूळच करत्यात माजा." ती हसली आणि खोकली. खोकला बराच वेळ थांबला नाही. शोभाताई पाठ चोळत राहिल्या. मी चहा न घेता उठू शकलो नाही.

त्याच दिवशी गावात मशीन लावलं. या वेळी हलणारी वस्तू नको होती. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचा काँक्रीटचा खांब निवडला आणि जुन्या पायरीच्या उंचीवर तांबडी रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'इथे पाणी आले की मळा सोडा.' तानाजीराव बघत होते. म्हणाले, "त्या पायरीच्या जागी ही रेघ. म्हंजी आता हिला नारळ फोडाय पायजे." पुढच्या वेळी गेलो तर रेघेला खरंच हळद-कुंकू लागलेलं होतं.

आता कंट्रोल रूममध्ये मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी फोनवर 'अमुक आहे, म्हणजे तमुक' असं म्हणालं की मी मधलं वाक्य मोठ्यानं बोलायला लावतो. पोरं वैतागतात. मॅडम काही म्हणत नाहीत. ह्या सवयीनं म्हैस परत येत नाही.

या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. दुपारी तानाजीरावांचा फोन आला.

"सायेब, रेघ कोरडी हाय. मळ्याला वेळ हाय."

"पाटील, टाकी तीच आहे ना? जुनीच?"

"म्हंजी काय! टाकी कुठं पळून जाती व्हय?" ते जोरात हसले.

फोनवर त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

"थांबा," ते म्हणाले. "बगून सांगतो."

मी फोन धरून ठेवला.